निवडक लुई कान

आपल्या वाङ्मयव्यवहारात ‘निवडक’ हा शब्द फारच निरुपद्रवी समजला जातो. निवडक कविता, निवडक निबंध, निवडक पत्रे. संपादक आपल्या मगदुराप्रमाणे वेचतो, प्रस्तावनेत वेचण्याचे निकष सांगतो, आणि ज्याला ते पटत नाहीत तो ग्रंथालयात जाऊन समग्र खंड काढतो. निवड चुकली तरी फारसे बिघडत नाही, कारण न निवडलेले कुठेतरी शिल्लक असते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पूर्ण झाली. तिच्या संपादकांनी जे श्लोक संहितेबाहेर ठेवले, तेही तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. आपला निर्णय उद्या कोणाला तपासून पाहता यावा, एवढी नम्रता त्या पद्धतीतच होती.

वास्तूच्या बाबतीत ‘निवडक’ म्हणजे काय, ह्याचा विचार मात्र आपण, म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी, क्वचितच केला आहे. इथे न निवडलेले परिशिष्टात जात नाही. ते मलब्यात जाते. म्हणूनच अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेच्या (आयआयएमच्या) वसतिगृहांविषयी २०२०पासून जो वाद झाला, तो केवळ वास्तुविशारदांचा घरगुती वाद आहे असे समजून आपण बाजूला बसलो, ही मला आपली चूक वाटते. त्या वादात जे युक्तिवाद केले गेले, ते संहिता, पाठ, अनुवाद आणि परंपरा ह्यांविषयीचे होते. म्हणजे आपल्याच विषयातले होते. आणि ते कच्चे होते.

आधी हकीकत. संस्था १९६१मध्ये स्थापन झाली. तिच्या उभारणीमागे विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई ही दोन नावे प्रामुख्याने होती. संकुलाच्या रचनेचे काम १९६२मध्ये अमेरिकी वास्तुविशारद लुई कान ह्यांच्याकडे आले, ते बाळकृष्ण दोशी ह्यांच्या आग्रहामुळे. दोशी जन्माने पुण्याचे आणि मुंबईच्या जे. जे.चे विद्यार्थी. कान ह्यांच्याबरोबर काम केलेले आणि पुढे ह्या संकुलाची जबाबदारी वाहिलेले अनंत राजे हेही मुंबईत घडलेले. कान स्वतः काम पूर्ण झालेले पाहू शकले नाहीत. मार्च १९७४मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानकात त्यांना मृत्यू आला. पुढे संस्थेने मुंबईच्या ब्रिंदा सोमया ह्यांच्या कचेरीकडून ग्रंथालयाचे आणि एका वसतिगृहाचे जतनकाम करवून घेतले. ग्रंथालयाच्या जतनाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कारही २०१९मध्ये मिळाला. आणि त्यानंतर वर्षभरातच, डिसेंबर २०२०मध्ये, अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडून तिथे नवी बांधण्याचा मनोदय संस्थेने जाहीर केला. जगभरातून विरोध झाला, कान ह्यांच्या मुलांनीही पत्र लिहिले, आणि १ जानेवारी २०२१ रोजी संस्थेने तो प्रस्ताव मागे घेतला. नोव्हेंबर २०२२मध्ये मात्र जतनाचा मार्ग सोडत असल्याचे पुन्हा जाहीर झाले. काही इमारती बाह्यरूप तेच राखून नव्याने बांधायच्या आणि वसतिगृहांच्या जागी नवी वसतिगृहे उभारायची, असा त्या निर्णयाचा आशय होता.

ह्या लेखाचा विषय कोणती भिंत पडली आणि कोणती राहिली हा नाही. भिंती पाडण्यापूर्वी जो विचार मान्य करावा लागतो, तो विचार हा माझा विषय आहे. तो एकदा मान्य झाला की उद्या तो कुठल्याही गावातल्या, कुठल्याही शाळेच्या इमारतीला लावता येतो.

पहिला युक्तिवाद असा : मुख्य इमारत, ग्रंथालय आणि मधले प्रांगण तर आम्ही राखतोच आहोत, जाणार आहेत ती फक्त वसतिगृहे. ह्यातले ‘फक्त’ हे अव्यय तपासण्यासाठी तिथे जाऊन उभे राहावे लागते. मी काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने अहमदाबादला गेलो असताना एक संपूर्ण सकाळ तिथे काढली. छायाचित्रांमुळे मनात ग्रंथालयाची ती प्रचंड वर्तुळाकार गवाक्षेच होती. प्रत्यक्षात पाय रेंगाळले ते वसतिगृहांच्या गल्ल्यांत. मुख्य इमारतीच्या दोन बाजूंना ती वसतिगृहे तिरक्या रांगांत, चौकटीच्या पटावर मांडल्यासारखी उभी आहेत असे तेव्हा दिसले. दोन वसतिगृहांच्या मधल्या चौकातून जाताना ऊन आणि सावली ह्यांची अदलाबदल दर दहा पावलांवर होत होती. उघड्या विटेची जाड भिंत, तिच्यात कोरल्यासारखी कमान, कमानीच्या आत खोल ओसरी, आणि त्या ओसरीच्या पलीकडे खोली. उन्हाने आत यायचे तर त्याला आधी ही सगळी वाट चालावी लागते. वाऱ्याला मात्र ती मोकळी आहे. अहमदाबादच्या उन्हाळ्याला दिलेले ते उत्तर होते, आणि त्यासाठी यंत्र लागत नव्हते.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट आतली. कान ह्यांनी वसतिगृहात लांबलचक बोळ आणि त्याच्या दुतर्फा दारे, ही आपल्या ओळखीची तुरुंगवजा रचना टाळली. दहा-दहा खोल्यांचा एक गट, आणि तो जिना व चहाची सामायिक जागा ह्यांच्याभोवती. खोलीतून बाहेर पडणारा मुलगा बोळात पडत नाही, तो माणसांत पडतो. शाळेची सुरुवात कशी झाली असेल ह्याविषयी कान ह्यांची एक आवडती कल्पना होती : झाडाखाली कोणीतरी बोलत बसला आहे, आपण शिक्षक आहोत हे त्याला ठाऊक नाही, ऐकणाऱ्यांनाही आपण विद्यार्थी आहोत हे ठाऊक नाही. ही कल्पना ज्याने वीटकामात उतरवली, त्याच्या दृष्टीने वर्ग आणि वसतिगृह ह्यांत मुख्य आणि दुय्यम असा भेद असूच शकत नाही. वर्गात सुरू झालेला वाद जेवताना, जिन्यावर, रात्री चहाच्या वेळी पुढे जातो. त्या पुढे जाण्यासाठी जागा करून ठेवली आहे. मग ‘शाळा राखतो, वसतिगृहे पाडतो’ ह्या वाक्याचा अर्थ काय उरतो? कादंबरीतले प्रसंग राखतो आणि संवाद काढतो, असे म्हणण्यासारखेच ते आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की कान ह्यांच्या योजनेतले सगळे तरी कुठे प्रत्यक्षात आले? वसतिगृहे आणि अध्यापकांची घरे ह्यांच्यामध्ये त्यांनी योजलेले तळे झालेच नाही. खरे आहे. पण लेखकाने योजलेले प्रकरण लिहिले गेले नाही, म्हणून लिहिलेली प्रकरणे फाडण्याचा अधिकार संपादकाला मिळत नाही.

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा, आणि त्याची टिंगल करणे हा निव्वळ बेजबाबदारपणा ठरेल. २६ जानेवारी २००१च्या भूकंपाने अहमदाबादेत माणसे मेली, इमारती कोसळल्या. संस्थेने सांगितले की विटा हलक्या प्रतीच्या आहेत, त्यांना लोणा लागला आहे, छपरे गळतात, आणि दुरुस्ती केलेल्या इमारतींतही भेगा व ओल पुन्हा दिसू लागली आहे. हे सगळे मी खोटे मानत नाही. विटांच्या भिंतीत घातलेली लोखंडी सळई गंजते, गंजताना फुगते आणि आतून वीट फोडते, हे कोणताही जुना गवंडी सांगेल. अशा भिंतीखाली विद्यार्थ्याला झोपवून वर आपण सौंदर्यशास्त्रावर व्याख्याने द्यावीत, हे कोणाच्याही विवेकाला पटणार नाही.

परंतु ह्या सगळ्यातून ‘दुरुस्ती हवी’ एवढाच निष्कर्ष निघतो. ‘पाडणे हवे’ हा निष्कर्ष काढण्यासाठी मधली एक पायरी लागते : दुरुस्ती अशक्य आहे हे दाखवण्याची. ‘एकदा केली होती, पुन्हा ओल आली’ हा त्या अशक्यतेचा पुरावा होत नाही. विटेचे घर ही एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू कधीच नव्हती. पावसाळ्यापूर्वी गच्ची पाहावी लागते, दरजा भराव्या लागतात, पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्या लागतात. कौले शाकारणाऱ्या आपल्या आजोबांनी ‘गेल्या वर्षीच शाकारले होते, तरी गळते, तेव्हा घरच पाडू या’ असे म्हटले नाही. कान ह्यांच्याच कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेची सागवानी खिडक्यांची कामे ऊन-वारा-बुरशीने खराब झाली, तेव्हा गेटी जतनसंस्थेच्या साहाय्याने आधी ती का खराब होतात ह्याचा अभ्यास झाला, मग शक्य तेवढे मूळ लाकूड राखून दुरुस्ती झाली, आणि २०१७मध्ये ते काम पुरे झाले. तिथे पैसा अधिक होता असे म्हणता येईल. पण पैशाआधी तिथे एक प्रश्न विचारला गेला : ह्याचे आयुष्य वाढवायचे कसे? आपल्याकडे प्रश्न असा विचारला गेला : ह्याचे आयुष्य संपले आहे हे ठरवायचे कसे? पहिल्या प्रश्नाला अहवालात जी उत्तरे मिळतात, ती दुसऱ्याला मिळत नाहीत.

तिसरा युक्तिवाद मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो समंजस दिसतो. बाहेरून हुबेहूब तसेच बांधू, आतून आधुनिक सोयी करू. दोन्ही पक्षांचे समाधान! साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे तरी कान टवकारायला हवेत. कान विद्यार्थ्यांना सांगत की विटेलाच विचारा, तुला काय व्हायचे आहे. आणि विटेला कमान व्हायचे असते. ही गोष्ट आता इतकी घासली गेली आहे की तिच्यातला अर्थ दिसेनासा झाला आहे. अर्थ असा, की रूप हे सामग्रीच्या स्वभावातून आणि तिच्यावरच्या भारातून येते. अहमदाबादची कमान दिसायला सुंदर आहे म्हणून तिथे नाही. ती वरची भिंत तोलून धरते म्हणून आहे. आणि जिथे कमान बाहेर रेटली जाते तिथे तिला बांधून ठेवणारी काँक्रीटची पट्टीही कान ह्यांनी न लपवता समोर ठेवली आहे. भार कुठून कुठे जातो हे भिंत स्वतः सांगते. आता काँक्रीटचा सांगाडा उभा करून त्याला बाहेरून विटेची कमान चिकटवली, तर ती कमान काहीच तोलत नसेल. वृत्त तेच, यमके तीच, आणि कवितेला सांगायचे काही नाही, अशी ती अवस्था. आपण एरवी अशा कवितेला काय म्हणतो हे सर्वांना माहीत आहे.

ग्लासगोच्या कलाशाळेचे उदाहरण इथे कोणी देईल. चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश ह्यांची ती इमारत २०१४मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये आगीत सापडली, आणि तिथे मूळ रूपात पुनर्रचना करण्याचा विचार झालाच. झाला, आणि त्यावरही मतभेद आहेत. पण जळून गेलेली संहिता आठवणीतून आणि नोंदींतून पुन्हा लिहून काढणे वेगळे, आणि समोर असलेले हस्तलिखित आपण नक्कल करणार आहोत ह्या भरवशावर चुलीत घालणे वेगळे. पहिल्यात शोक आहे. दुसऱ्यात फक्त सोय आहे.

चौथा युक्तिवाद आपल्या बाजूच्या सुशिक्षितांकडून येतो. जुने दगड-विटा जपून ठेवणे हे पाश्चात्त्य खूळ आहे. आपली परंपरा जीर्णोद्धाराची. देऊळ जुने झाले की नवे बांधायचे. अहिल्याबाई होळकरांनी गावोगावी काय केले? हा मुद्दा मला एके काळी पटत असे. आता वाटते, की त्यात शब्द आपला आहे आणि व्यवहार कंत्राटाचा. जीर्णोद्धारामागे एक अखंड चालत आलेली कारागिरी गृहीत असते : ज्या हातांनी जुने बांधले त्यांच्याच परंपरेतले हात नवे बांधतात, आणि ज्या वापरासाठी बांधले तो वापर चालू असतो. इथे ती कारागिरीच तर प्रश्नात आहे. कान ह्यांच्या कमानी अहमदाबादच्या गवंड्यांनी उभ्या केल्या. ते ज्ञान पुढच्या पिढीच्या हातात राहायचे तर त्या भिंतींची दुरुस्ती करत राहणे, हाच त्याचा एकमेव वर्ग होता. तो वर्ग बंद करून परंपरेचे नाव घेणे शोभत नाही.

कायदा ह्यात फारसा उपयोगी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. दिल्लीत वारसा समितीने साठ वर्षांचा निकष धरला, आणि १९७२मध्ये बांधलेला राज रेवल ह्यांचा ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये अहमदाबादचे तटबंदीतले जुने शहर जागतिक वारसा ठरले; कान ह्यांचे संकुल त्या तटबंदीबाहेर. म्हणजे स्वतंत्र भारताने पहिल्या तीस वर्षांत स्वतःसाठी जे बांधले, ते वारसा ठरण्याइतके म्हातारे नाही आणि आवडण्याइतके नवेही नाही. ज्या संस्थांच्या अंगणात आपण शिकलो, त्यांची ही अवस्था आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, आणि त्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांत अहमदाबादेत हे काम सुरू झाले. नव्या राज्याला आपण कोण होऊ इच्छितो हे विटांत सांगावेसे वाटले, हा काही लहानसहान दस्तऐवज नाही.

आता थोडे आपल्याविषयी, कारण दुसऱ्यांवर कोरडे ओढून लेख संपवणे सोपे आहे. अशा वास्तूंना भेट देणाऱ्या आपल्यासारख्यांचा एक ठरावीक वर्ग झाला आहे. तो सकाळी येतो, वर्तुळाकार गवाक्षासमोर उभे राहून छायाचित्र काढतो, सावल्यांविषयी दोन वाक्ये बोलतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. त्या वसतिगृहात पावसाळ्यात गादी कोणाची भिजते, हे तो विचारत नाही. मीही विचारले नव्हते. २०२०च्या वादात परदेशी विद्वानांच्या पत्रांना जेवढी किंमत आली, तेवढी त्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांच्या तक्रारींना जतनवाद्यांनी दिली असती, तर ‘तुम्हांला इमारत हवी, माणसे नकोत’ हा आरोप इतक्या सहज चिकटला नसता. जतन म्हणजे गैरसोयीचे गौरवीकरण नव्हे. पंखा, पाणी, संडास, आग लागली तर बाहेर पडायची वाट, ह्या गोष्टी जुन्या भिंतींत बसवता येतात. तसे बसवणे हेच जतनकर्त्याचे कौशल्य.

आणि आपल्या स्वतःच्या अंगणाचे काय? मी ज्या महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवले, तिथली जुनी इमारत कोण्या विख्यात माणसाने बांधलेली नव्हती. पण तिचा लाकडी जिना, वाचनकक्षाची उंच तावदाने आणि भिंतीला लागून असलेला ओटा, ह्यांवर तीन पिढ्यांनी वाद घातले होते. नूतनीकरणात ते सगळे एका उन्हाळी सुटीत गेले. सभेत ठराव आला तेव्हा मी हजर होतो. ‘लाकडाला वाळवी लागली आहे’ असे वाक्य उच्चारले गेले, आणि मी मान हलवली. किती लाकडाला, कुठल्या बाजूला, दुसरे काही करता येईल का, हे मी विचारले नाही. पाठभेदाच्या एका मात्रेसाठी विद्यार्थ्यांचे गुण कापणारा मी, त्या दिवशी अहवालाची प्रतही मागितली नाही. जूनमध्ये मुले परत आली तेव्हा ओट्याच्या जागी चकचकीत फरशी आणि खुर्च्यांची रांग होती. त्या खुर्च्यांवर मुले एकाच दिशेला तोंड करून बसत. वाद घालण्यासाठी एकमेकांकडे तोंड करावे लागते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. इमारत पाडण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा सिद्ध करण्याचा भार पाडणाऱ्यावर असावा, राखणाऱ्यावर नव्हे. ज्या अहवालांच्या आधारे सार्वजनिक शिक्षणसंस्थेची वास्तू जाते, ते अहवाल सर्वांना वाचायला मिळावेत. आपण त्यांना संहिता मानून ओळीओळीने वाचावे आणि दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. देखभालीची तरतूद दरवर्षी व्हावी, वीस वर्षांनी एकदम नव्हे. आणि भेट द्यायला जाताना कॅमेऱ्याबरोबर थोडा वेळही न्यावा. तिथे राहणाऱ्या मुलाला विचारावे की छत गळते का, आणि गळत असेल तर ते त्याच्या बाजूने लिहावे. त्याच्या बाजूने लिहिणे आणि भिंतीच्या बाजूने लिहिणे ह्यांत विरोध आहे, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या पुढच्या सभेत कोणी ‘वाळवी लागली आहे’ असे म्हणेल. त्या वेळी मान हलवण्यापूर्वी ‘कुठे?’ एवढा एक शब्द उच्चारायला हरकत नसावी.